झेंडूचा हार आणि लाइट कर्टन

लाकडी दांडकं मी प्रेसच्या तोंडात धरलं, पायाने पेडल दाबलं, आणि प्रेस थांबला नाही. रॅम सरळ खाली आला आणि दांडक्याचं टोक चेचून वर गेला. शेजारी ऑपरेटर सोमनाथ हातमोजे चढवत उभा होता.

"साहेब, मोडलं की वो दांडकं."

"तुझा हात नाही मोडला, ते बघ," मी म्हणालो. मशीन बंद केलं, पॅनलला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

मी विल्सन पगारे. अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इन्चार्ज आहे. आम्ही गाड्यांना लागणारे पत्र्याचे पार्ट बनवतो. त्यासाठी पॉवर प्रेस लागतो. त्याचा वरून खाली येणारा जड लोखंडी ठोकळा म्हणजे रॅम. पत्रा खाली ठेवायचा, पेडल दाबायचं, रॅम येतो आणि पत्र्याला आकार देऊन जातो. पत्र्याच्या जागी हात असेल तर तो हातालाही आकार देतो. म्हणून प्रेसच्या तोंडाशी दोन बाजूंना दोन उभ्या पट्ट्या बसवलेल्या असतात. एकीतून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश निघतो, दुसरी तो झेलते. मध्ये काहीही आलं की रॅम असेल तिथे थांबतो. याला लाइट कर्टन म्हणतात. मशीन बंद राहून पुन्हा सुरू होणार असेल, तर आधी मी त्यात दांडकं घालून बघतो. लोक या सवयीला हसतात. हसू देत.

त्या दिवशी दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही कामावर आलो होतो. सुट्टीच्या आदल्या दिवशी कारखान्यात पूजा झाली होती. अंबडमध्ये दसऱ्याला मशीनची पूजा झाली नाही असा कारखाना शोधून सापडायचा नाही. मी ख्रिस्ती आहे, त्यामुळे पूजेला बसत नाही. पण पूजेच्या आदल्या संध्याकाळी सगळी मशीनं डिझेलने पुसून लख्ख करण्याचं काम दरवर्षी माझी टीम करते आणि मी पुसायला स्वतः असतो. आरती सुरू झाली की मी कॅन्टीनमध्ये जाऊन चहा घेतो. त्याचं कुणाला काही वाटत नाही. नाताळात मी करंज्यांचा डबा आणतो, तो दहा मिनिटांत रिकामा होतो. एवढ्या वर्षांत आमचं असं छान चाललेलं आहे आणि त्याबद्दल मी देवाचे आभारच मानतो.

मी कॅन्टीनमध्ये असताना काय झालं ते आता आमच्या इलेक्ट्रिशियनकडून कळलं. तुषार त्याचं नाव. पांढऱ्याफटक चेहऱ्याने तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"सर, मी केलं ते. काढायचं राहिलं."

पूजेत मालकांच्या पत्नीच्या हस्ते मोठ्या प्रेसचा एक स्ट्रोक, म्हणजे रॅमचा एक ठोका, मारायचा, ही आमच्याकडची पद्धत. त्या दिवशी कुणीतरी हौसेने झेंडूचा जाडजूड हार लाइट कर्टनच्या एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीपर्यंत तोरणासारखा बांधला. आता प्रकाशाला हार काय आणि हात काय, सारखाच. प्रेस हलेना. मुहूर्त टळत होता, मालक घड्याळ बघत होते, आणि हार तोडायचा तर अपशकुन. मग तुषारने पॅनल उघडून आत वायरचा एक तुकडा जोडला. त्याला जंपर म्हणतात. जंपर लावला की मशीनला वाटतं, प्रकाश नीट पोचतोय. स्ट्रोक झाला, टाळ्या झाल्या, जेवणाची पंगत बसली. जंपर आत राहिला.

"तुला कुणी सांगितलं लावायला?" मी विचारलं.

तुषार जमिनीकडे बघत राहिला. मी पुढे विचारलं नाही. त्याला जंपर काढायला लावला. पण काढल्यावर लाइट कर्टनचा लाल दिवा लागला तो जाईना. उघडून पाहिलं तर पूजेत फोडलेल्या नारळाचं पाणी एका पट्टीच्या कनेक्टरमध्ये शिरलेलं. पट्टी गेली होती. नवीन पुण्याहून यायची, म्हणजे उद्या संध्याकाळ.

तेवढ्यात आमचे प्लॅन्ट मॅनेजर भदाणे साहेब आले. कस्टमरची गाडी गेटवर उभी होती आणि त्यांचा फोन सारखा वाजत होता. मी सगळं सांगितलं.

"जंपर परत लावा," ते म्हणाले. "आजचा लॉट काढू. सोमनाथ काय नवखा आहे का?"

"मी बघून चालवतो ना साहेब," सोमनाथ मला म्हणाला. "लय वर्सं झाली या मशीनवर. काय व्हत नाय."

"नाही," मी म्हणालो.

"पगारे, कस्टमरची लाइन बंद पडेल."

"पडू दे साहेब. लाइन परत सुरू होते."

भदाणे साहेब जवळ आले आणि हळू आवाजात बोलले. पण इतक्या हळू नाही की सोमनाथला आणि तुषारला ऐकू जाऊ नये. "एक विचारू? तुम्हाला पूजेचंच खटकतंय ना? म्हणून एवढं लावून धरलंय?"

मला फार लागलं. मी मुळात तापट माणूस. तरुणपणी असं कुणी बोललं असतं तर हातातलं अर्धं दांडकं मी कुठे फेकलं असतं, सांगता येत नाही. कान गरम झाले. सोमनाथ माझ्याकडे बघत होता. मला त्या क्षणी एवढंच कळत होतं की मी आता ओरडलो तर गोष्ट धर्माची होईल आणि सोमनाथचा हात बाजूला राहील.

गेटमधून आत शिरताना रोज मी मनातल्या मनात एक छोटी प्रार्थना करतो. जेवढे हात सकाळी आत आले, तेवढे संध्याकाळी बाहेर जाऊ देत. देवाने मला या जगात मोठं काही करायला पाठवलं असेल असं वाटत नाही, पण हे करायला नक्की पाठवलंय. मी परत तीच प्रार्थना केली आणि मग बोललो.

"साहेब, पूजेसाठी हे मशीन मी माझ्या हातांनी पुसलंय. माझं भांडण फुलांशी नाही, वायरशी आहे. जंपरवर चालवायला हे कुलूप मी उघडणार नाही. तुम्हाला उघडायचं तर दुसरा इन्चार्ज आणा."

मीच पुढे म्हणालो, "कोपऱ्यातला छोटा प्रेस आज बंद आहे. त्याचा कर्टन काढून इथे बसवतो. दुपारपर्यंत वेळ द्या."

"बसेल?"

"उंचीला कमी पडेल. उरलेल्या जागेवर जाळी मारू."

भदाणे साहेबांनी कपाळाला हात लावला आणि फोन कानाला लावून ते बाहेर गेले. त्याला आमच्याकडे परवानगी म्हणतात.

मग आम्ही तिघे कामाला लागलो. तुषारने वायरिंग बदललं, आणि इतकं मन लावून बदललं की मला त्याला एकदाही सांगावं लागलं नाही. सोमनाथ जाळी कापत होता आणि तोंडाने पुटपुटत होता. "उगा येळ घालवता साहेब. एवढ्यात निम्मा लॉट निघाला असता." पण जाळी त्याने बरोबर मापात कापली, आणि घट्ट बसवली. जेवणाची सुट्टी झाली तरी तिघांपैकी कुणी डबा उघडला नाही. दुपारी मी पेडल दाबलं आणि रॅम खाली निघताच नवं दांडकं आत घातलं. रॅम निम्म्यात थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा थांबला. मी कुलूप काढलं आणि मशीन सोमनाथच्या ताब्यात दिलं.

काम जोरात सुरू झालं. सोमनाथ उशीर भरून काढायच्या मागे होता. भदाणे साहेब येऊन उभे राहिले, तेव्हा मी त्यांच्या शेजारीच होतो. आणि आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत एक पार्ट डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, अडकला. सोमनाथचा पाय पेडलवर पडला आणि त्याच वेळी उजवा हात पार्ट ओढायला आत गेला. विचार करून गेला नाही; इतक्या वर्षांचा सवयीचा हात, आपोआप गेला.

रॅम निम्म्यात थांबला.

कारखान्यात बाकीची मशीनं चालूच होती. सोमनाथने हात हळूच बाहेर काढला. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग तो तिथेच पार्टच्या पेटीवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. तुषारने त्याला पाणी आणून दिलं. मी प्रेसला टेकून उभा राहिलो आणि मनात 'धन्यवाद प्रभू, धन्यवाद प्रभू' एवढंच म्हणत होतो.

भदाणे साहेबांनी खिशातून फोन काढला. मला वाटलं, कस्टमरला लावतायत. त्यांनी मालकांना लावला.

"साहेब, पूजेच्या दिवशी कर्टनला जंपर मी टाकायला लावला होता," ते म्हणाले. "तुषारचा दोष नाही. मी त्याला हुकूम दिला होता. आज सकाळी पगारेंनी अडवलं म्हणून सोमनाथचा हात राहिला. त्यांना मी वाटेल ते बोललो, तेही चुकलं."

तुषार तोंड फिरवून डोळे पुसत होता. त्याने सकाळपासून साहेबांचं नाव घेतलं नव्हतं, आणि साहेबांनी ते स्वतःहून घेतलं. आमच्या चर्चच्या पुरुष मंडळात मला अधूनमधून ख्रिस्ती माणसाच्या चारित्र्यावर बोलायला सांगतात. तेव्हा मी माझ्या कुलपाबद्दल बोलत नाही. ठाम उभं राहणं माझ्यासारख्या हट्टी माणसाला सोपं जातं. मी भदाणे साहेबांच्या त्या फोनबद्दल सांगतो. चूक सगळ्यांसमोर आपल्या अंगावर घ्यायची, खालच्या माणसाला सोडवायचं आणि ज्याला दुखावलं त्याचा मान त्याला परत करायचा, हे मला एका मिनिटात शिकायला मिळालं, तेही कपाळाला गंध लावणाऱ्या माणसाकडून. त्यांचे आभार मी कसे मानू?

लॉट उशिरा गेला. कस्टमरने चार शब्द सुनावले. ते आम्ही सगळ्यांनी मिळून ऐकून घेतले.

रविवारी चर्चमध्ये उपकारस्तुतीच्या वेळी मी उभा राहिलो. उपकारस्तुती म्हणजे देवाने काय दिलं ते सगळ्यांसमोर सांगून आभार मानायचे. कुणी मुलाच्या नोकरीसाठी मानले, कुणी घराच्या चाव्यांसाठी. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "सोमनाथच्या उजव्या हाताबद्दल," आणि खाली बसलो. सोमनाथ कोण, हे माझ्या बायकोला सगळ्यांना समजावून सांगावं लागलं.

सोमवारी सोमनाथ प्रसादाची पुडी घेऊन आला. बायकोला घेऊन तो वणीच्या गडावर जाऊन आला होता.

"साहेब, तुमच्या चर्चात माझं नाव घेतलं म्हनं?"

"घेतलं."

"मी बी देवीपुढं तुमचं घेतलं."

हात नेमका कुणी वाचवला, यावर आम्हा दोघांचा आजवर वाद झालेला नाही. लाइट कर्टनचा एक स्पेअर सेट मात्र मी त्या सोमवारीच मागवला.