वेचणीच्या पहिल्या दिवशी या

"वेचणीच्या पहिल्या दिवशी या," मंदाताई फोनवर एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. तो दिवस कधी, हे विचारायला मला परत तीनदा फोन करावा लागला. तिसऱ्यांदा उत्तर आलं, "बोंडं फुटली की सांगतो." आता पुण्यात तिसऱ्या मजल्यावर बसून मी बोंडांची वाट बघायची! चार महिने मुलाखतीसाठी विनवण्या करत होते, आणि या बाईंनी मला बोलवायचं कधी, तर नेमकं सगळं गाव कामाला जुंपलेलं असेल तेव्हा.

मी पॉडकास्ट करते. गुन्ह्यांच्या खऱ्या हकिकती रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकते, आणि लोक त्या भांडी घासताना, गाडी चालवताना ऐकतात. माझ्यामागे कुठली कंपनी नाही. ज्या वर्षी वर्तमानपत्रातली नोकरी गेली त्याच वर्षी नवराही गेला, म्हणजे दुसऱ्या घरी राहायला गेला, आणि माझ्याकडे उरला तो आवाज. माझा स्टुडिओ म्हणजे बेडरूममधलं कपाट. साड्यांमध्ये डोकं खुपसून बोललं की आवाज घुमत नाही. स्वतःच्या घटस्फोटावरही मी एक भाग केला होता, तो माझ्या आईनेसुद्धा पूर्ण ऐकला नाही. खून मात्र सगळे ऐकतात.

मंदाताईंच्या धाकट्या बहिणीचा, वनिताचा, असाच एक खून. मुकुटबनच्या पुढचं गाव. नाव इथे लिहीत नाही, पॉडकास्टमध्ये एकदा सांगितलं तेवढं पुष्कळ झालं. काही वर्षांपूर्वी शेजारच्या शेतकऱ्याने धुऱ्याच्या (बांधाच्या) भांडणातून तिला मारलं. तो तुरुंगात आहे. बातम्यांची कात्रणं आणि कोर्टाचा निकाल समोर ठेवून दोन वर्षांपूर्वी मी दोन भाग केले. पहिला भाग तुफान चालला. आता तिसऱ्यासाठी घरच्यांचा आवाज हवा होता, म्हणून हा खटाटोप.

शेवटी बोंडं फुटल्याचा फोन आला, आणि रात्रभर बसने प्रवास करून यवतमाळला सकाळी उतरले ती मान आखडूनच. तिथून वणीची एसटी पकडली. खिडकीची काच काही केल्या बंद होईना. वणीच्या अलीकडे कोळशाच्या ट्रकांची रांग लागली होती. अर्धा तास आम्ही त्यांच्या मागे. माझा पांढरा कुडता राखाडी झाला. शेजारच्या आजीबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि स्वतःच्या पदराने माझं नाक पुसलं. विचारलंसुद्धा नाही. चिडावं की हसावं ते कळेना.

वणीच्या स्टँडबाहेर तर्री-पोहे खाल्ले. तर्री म्हणजे हरभऱ्याचा लालभडक रस्सा. "तिखट कमी" असं मी दोनदा सांगितलं. "कमीच हाय," टपरीवाला म्हणाला. मुकुटबनच्या बसमध्ये बसेपर्यंत माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मुकुटबनहून पुढे शेअर ऑटो. दोन्ही बाजूंना कपाशी, मध्ये तुरीच्या ओळी, लांबवर सागाचं जंगल. बघण्यासारखं होतं, पण माझ्या मांडीवर एका गृहस्थांची खताची पिशवी होती आणि पायाशी कोंबडी. ऑटोवाल्याने आरशातून माझ्या बॅगेकडे पाहिलं.

"काय विकून राह्यले, मॅडम?"

"काही नाही हो. मी पॉडकास्ट करते. तुमच्या इकडच्याच एका खुनावर केलाय."

"ते साडीवालं?" तो एकदम वळूनच बसला. "आयकलं न! साऱ्यांनी आयकलं. त्या बाईचं लफडं होतं म्हणते."

"पुढे बघा आधी! लफडं-बिफडं काही नव्हतं. धुऱ्याचं भांडण होतं. दुसऱ्या भागात स्पष्ट सांगितलंय."

"दुसरा कोण आयकते? पयल्यातच समजते न सारं."

माझा पारा चढला. पहिल्या भागाचा शेवट मी असा केला होता: 'रोज फाटका शर्ट घालून कामाला जाणारी वनिता त्या सकाळी ठेवणीतली साडी नेसून, हातात डबा घेऊन, कुणाला भेटायला निघाली होती?' मग संगीत. आता पुढचं न ऐकता लोकांनी मनानेच उत्तर काढलं, तर तो काय माझा दोष? मी फक्त प्रश्न विचारला होता. हे मी ऑटोवाल्याला सांगितलं नाही, स्वतःलाच दोनदा सांगितलं.

मंदाताईंचं घर गावाच्या टोकाला. पन्नाशीच्या, उंच, बोलणं मोजकं. "आले का? च्या घ्या. निघाचं हाय," एवढं स्वागत. मी माइक काढून यंत्र चालू केलं. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून माइकवर केसाळ टोपी घालतात. ती मी बाजेवर ठेवली मात्र, एका कुत्र्याने ती उचलली आणि थेट गोठ्यामागे! मी मागे धावले, शेणात पाय घातला, टोपी काही मिळाली नाही. अंगणातल्या बायका पोट धरून हसत होत्या.

"काय होतं वं ते? उंदीर?"

"माझी टोपी होती!" मी ओरडले. त्या आणखी हसल्या.

वेचणीला निघालेल्या त्या सहा जणी. माझ्या डोक्यात चित्र होतं की कापूस वेचणाऱ्या बायका जुनेरावर पुरुषी शर्ट चढवून जातात, कारण वाळलेल्या बोंडांनी हात ओरबाडतात. या मात्र लग्नाला निघाल्यासारख्या. कडक काठापदराच्या साड्या, केसांत फुलं. एकटी रोशनी, वनिताची मुलगी, एकवीस-बावीस वर्षांची, विटका ड्रेस आणि वर बाह्या फाटलेला शर्ट घालून बाजूला उभी होती. आईमागे तिला मंदाताईंनीच वाढवलं. ती माझ्याकडे बघतही नव्हती.

टोपी गेलेली, पाय शेणाने भरलेला, आणि आता या साड्यांची सळसळ माइकमध्ये भरणार. मी वैतागून बोलून गेले, "अहो, शेतात तर जायचंय! कामाला जाताना एवढ्या चांगल्या साड्या कशाला?"

हसणं थांबलं. मंदाताई हातातल्या डब्याचं झाकण लावत होत्या, त्या थांबल्या.

रोशनी पहिल्यांदा बोलली. "असं नाई, मॅडम. तुमच्यावालं इचारा न. कोणाले भेटाले चालल्या?"

माझंच वाक्य, माझ्याच सुरात, शेवटच्या शब्दावर मी थांबते तशी थांबून. 

"आज सीतादही हाय," मंदाताई म्हणाल्या. "ते यंत्र बंद करा आन् चला."

मी यंत्र बंद केलं आणि मुकाट्याने मागून चालू लागले. वावर (शेत) फार लांब नव्हतं. कपाशी कमरेएवढी वाढलेली, बोंडं फुटून पांढरी झालेली. एका झाडाखाली मंदाताईंनी पाच खडे मांडले, त्यांना चुना लावला, हळद-कुंकू वाहिलं. झाडाभोवती सुताचे वेढे दिले. मग डबा उघडला. आत दही-भात होता. तो त्यांनी चारही दिशांना शिंपडला आणि मगच पहिलं बोंड वेचलं. वेचणी सुरू करायची ती अशी, घरच्या बाईने, चांगलं लेवून, दही-भात घेऊन. या भागात हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

मला ठाऊक नव्हतं, असं मी इथे लिहू शकले असते. ते खोटं होईल. कोर्टाच्या निकालात एक ओळ होती: 'मृत महिलेजवळ जेवणाचा डबा व पूजेचे साहित्य आढळले.' मी ती वाचली होती. पेन्सिलीने खूणही केली होती. मग मी डबा ठेवला आणि पूजा गाळली, कारण पूजा ठेवली तर प्रश्न उरत नव्हता, आणि प्रश्न नसेल तर लोक कशाला थांबतील?

मंदाताई धुऱ्यावर बसल्या. मलाही बसा म्हणाल्या.

"दरवर्षी वनिताच करे सीतादही. त्या दिवशी एकटीच पुढं आलती. मी भाकरी करून मांगून येणार होती. थो मानूस इथं धुऱ्यापाशी आडवा आला. इथं मारलं, आन् तिकडे त्याच्या कपाशीत ओढत नेलं." त्यांनी हात लांब केला. पलीकडेही तशीच कपाशी होती. "जजसाहेबाले समजलं, बाई. तुमाले काहून नाई समजलं?"

मी म्हणाले, "ताई, मी खोटं काही बोलले नाही." स्वतःच्याच तोंडून हे ऐकताना मला लाज वाटली.

"नाई बोलले. इचारलं फक्त." त्यांनी रोशनीकडे मान केली. ती पाठमोरी वेचत होती. "दोन सालापासून पोट्टी (मुलगी) चांगला कपडा अंगाले लावत नाई. नवी साडी नेसली का कोणी ना कोणी इचारते, आयसारखी कुठं चालली वं? लग्नाले जात नाई, सणाले जात नाई. आज सीतादही तिनं कराले पायजे होती, आयच्या जागी. नाई म्हणे. फाटका शर्ट घालूनच येतो म्हणे."

मला आमच्या कोर्टाची तारीख आठवली. घटस्फोटाच्या शेवटच्या तारखेला मी मुद्दाम माझी निळी साडी नेसले होते, रडकी दिसायचं नाही म्हणून. जिन्यात शेजारीण म्हणाली, "अय्या, आज कुठे एवढं नटून?" त्या एका वाक्याने मी वर्षभर जळत होते. तेच वाक्य संगीत लावून मी जगभर ऐकवलं, आणि ज्या बाईला उत्तर देता येणार नव्हतं तिच्या नावावर. माझा मलाच इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी तर्रीचा काही संबंध नव्हता.

"ताई, तुम्ही हे सगळं माझ्या माइकवर सांगा," मी म्हणाले. "तिसरा भाग करते. सगळ्यांना कळेल."

"मी कायले सांगू?" त्या प्रथमच तडकल्या. "माह्या आवाजात कोण आयकते? चूक तुमच्या आवाजानं झाली, तुमच्याच आवाजानं सांगा. आन् तिसऱ्या भागात नाई. दुसरा कोणी आयकला नाई तं तिसरा कोण आयकन? पयल्यात सांगा. पयलं वाक्य, बाजा वाजाच्या आधी."

मी समजवायला गेले की सुरुवातीलाच सगळं सांगितलं तर पुढे कोणी ऐकणार नाही. त्यांनी पदर खोचला आणि वेचायला उठल्या. मी वाक्य अर्ध्यावर सोडलं.

दुपारी तिथेच जेवलो. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा आणि उरलेला दही-भात. जेवण फार चांगलं होतं. रोशनीने माझ्या पानावर भाजी वाढली, तशी मी म्हणाले, "रोशनी, माझं चुकलं."

"मले नका सांगू," ती म्हणाली. "मले माहीत होतं. मी दही लावलं होतं आदल्या दिवशी." आणि पुढच्या पानाकडे गेली.

संध्याकाळच्या आत मुकुटबन गाठायचं होतं. जाताना तोच ऑटोवाला भेटला. "झाली का मुलाखत?" त्याने विचारलं. एवढ्या लांब येऊन माझ्या यंत्रात कुत्र्याचं भुंकणं आणि माझं ओरडणं एवढंच जमा झालं होतं. मी वाटभर त्याला सीतादहीबद्दल विचारत राहिले. तो सगळं सांगत होता. त्याची आईसुद्धा त्या दिवशी हिरवी साडी नेसते म्हणाला. मग मध्येच म्हणाला, "म्हणजे ते साडी..." आणि आरसा दुसरीकडे वळवला. 

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी कपाटात शिरले. पहिल्या भागाच्या अगदी सुरुवातीला, संगीताच्या आधी, दोन वाक्यं रेकॉर्ड केली. शेवटचा प्रश्न कापून टाकला. कपाटात माझी ती निळी साडी नाकासमोर लोंबत होती. चौथ्या वेळी जमलं तेव्हा तो भाग बदलून टाकला आणि मंदाताईंना पाठवला. संध्याकाळपर्यंत एका श्रोत्याने लिहिलं, 'आधीच सांगून टाकलंत, मजाच गेली.' 

तीन दिवसांनी मंदाताईंचा फोन आला. मला वाटलं, बरं म्हणतील.

"आयकलं," त्या म्हणाल्या. "वावरात सगळ्या बायांनी मिळून आयकलं. पण वनिताचं नाव घेताना तुमचा आवाज कापला. काही लपवून राह्यले असं वाटते. परत म्हणा. ते साडीचं जसं ठासून म्हटलं होतं, तसं म्हणा."

"ताई, मी मनापासून म्हटलं म्हणून कापला हो आवाज!"

"तुमच्या मनाचं काय करू? मराईले (मरीआईला) सांगा ते. पोट्टी काल मले म्हणे, मावशी, तुयी हिरवी साडी देशीन का नेसाले. अजून नेसली नाई, इचारलं फक्त. म्हणून सांगून राह्यली, नीट म्हणा."

फोन ठेवला. चडफडत उठले, पंखा बंद केला, निळी साडी बाजूला सारली आणि कपाटात डोकं घातलं. आवाज स्थिर होईपर्यंत थांबले. मग ठासून म्हणाले, "वनिता वेचणीच्या पहिल्या दिवशी स्वतःच्या वावरात सीतादही करायला निघाली होती. तिच्या डब्यात दही-भात होता."