चाकं बांधून

मिरजगावच्या सहादेव आबांनी उभं आयुष्य बैलांच्या दलालीत काढलं. बैल द्यावा, पण दावं देऊ नये, नाहीतर घरची बरकत त्याच्यामागं चालू लागते, हा त्यांचा नेम. हायवेकडच्या पत्र्याच्या शेडमधली जवळजवळ अख्खी भिंत विकलेल्या जोड्यांच्या दाव्यांनी भरली होती. पुढं ट्रॅक्टर आले, बाजार ओसरला, आणि भिंतीवर नवं दावं चढेनासं झालं.

त्याच शेडपुढं त्यांची लेक रेश्मा जुन्या गाड्या विकू लागली. त्याही कसल्या, तर अवजड, दणकट, मागं ट्रेलर ओढणाऱ्या. गावाला हसायला निमित्तच मिळालं. मोठी गाडी लोक घेत नव्हते असं नाही. जो तो घेत होता, पण मिरवायला. गिऱ्हाईक विचारी, "सनरूफ हाय का?" रेश्मा म्हणे, "हूक हाय. मागनं बघा की." गिऱ्हाईक मागं बघायच्या ऐवजी रस्त्याला लागे.

रेश्मा काही हटली नाही. मधमाश्यांच्या पेट्या डाळिंबाच्या बागांत न्यायच्या, शर्यतीचे बैल गावोगाव फिरवायचे, जनरेटर हलवायचा, तर ओढणारी गाडी लागणारच, असं तिचं म्हणणं. आबा ऐकून घेत, पण जागा एका हॉटेलवाल्याला द्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. "ही दारातली जीप खपली तर तुझं खरं," ते म्हणाले. "न्हाईतर दसऱ्याला हितं भट्टी पेटंल." जागा गेली की धंदा गेला, हे रेश्माला पक्कं ठाऊक होतं.

अशात शिर्डीहून नीलांबरी आल्या. लग्नकार्यात जागेवर जाऊन स्वयंपाक करून देणाऱ्या बाई, आणि त्यांचं सगळं स्वयंपाकघर एका ट्रेलरवर. ओळखीच्यांची गाडी मागून घेऊन तो त्यांनी सोबतच आणला होता. "दिसायला कशी का असेना," त्या म्हणाल्या, "हे ओढेल का, तेवढं दाखव."

ट्रेलर जीपला जोडून रेश्मा त्यांना घेऊन आत चहाला गेली. बाहेर आबा एकटेच होते. चहा झाला, रेश्मा जीपमध्ये बसली आणि गाडी पुढं काढू लागली. जीप गुरगुरली, थरथरली, अडखळत पुढं सरकली. मग जळका वास सुटला आणि गाडी बंद पडली.

"हे काही जमेलसं दिसत नाही गं," नीलांबरी म्हणाल्या.

रेश्मा उतरून मागं गेली. ट्रेलरची चाकं साखळीनं करकचून बांधलेली होती.

"आबा, ह्ये तुमी केलं?"

"मग? बैल चाकं बांधूनच बगत्यात. मोकळी गाडी काय, शेळीबी वढंल."

आबांच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता. रेश्माला रडूच फुटायचं बाकी होतं, पण परक्यांसमोर बापाला काय बोलायचं? ती नीलांबरींकडं वळली. "ताई, क्लच जळालाय. आज ही गाडी मी तुमाला देनार न्हाई. नवा टाकल्याबिगर न्हाईच."

आबांनी चमकून वर पाहिलं. बैलाची खोड गिऱ्हाईकाला आधी सांगावी, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. ते आपल्याच दारात असं नडेल, हे मात्र त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

नीलांबरी गेल्या नाहीत. त्या खाली बघत होत्या. मुरमात ट्रेलरच्या चाकांनी दोन खोल चर पाडले होते. चरांच्या कडेनं त्या पार शेडपर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या.

"चाकं आधीपासून बांधलेली होती?"

"व्हय," आबा म्हणाले.

"वर भांडी, पाण्याचे पिंप, सगळं असताना?"

"व्हय."

"आणि तरी जीपनं ट्रेलर तिथून इथवर ओढला?" त्या रेश्माकडं वळल्या. "क्लच टाकून घे. तोवर ही दुसऱ्या कुणाला दाखवूसुद्धा नकोस."

नवा क्लच बसला, बाई आल्या, जीपपुढं नारळ फुटला. रेश्मा किल्ली देऊ लागली, तोच आबांनी तिचा हात धरला. किल्लीला बांधलेला लाल गोफ त्यांनी सावकाश सोडवला आणि नुसती किल्ली नीलांबरींच्या हातावर ठेवली.

"दावं देत न्हाईत, बाई."

गोफ घेऊन ते आत गेले आणि दाव्यांच्या शेवटी, रिकाम्या खुंटीला त्यांनी तो अडकवला. तेवढ्यात हॉटेलवाल्याचा फोन आला. आबांनी मोबाईल तसाच लेकीपुढं धरला.

"सांग त्याला, जागा मोकळी न्हाई. हितं बाजार भरतोय."