पाच दिवस उशिरा चढलेला घाट

पुण्याहून निघताना आमच्या सोसायटीतली निम्मी माणसं गॅलरीत येऊन उभी राहिली होती, कारण माझ्या एसयूव्हीच्या मागे हुकाला एक डबा जोडलेला होता. डबा म्हणजे चाकांवरची छोटी खोली. आत एक पलंग, एक संडास आणि चहापुरती शेगडी.

हा खटाटोप कुसुमआत्यासाठी. ती नागपुरात हुडकेश्वरला राहते. कमरेच्या दुखण्यामुळे तिला तासाभरापेक्षा जास्त बसवत नाही, आडवं व्हावंच लागतं, म्हणून लांबचा प्रवास कधीचाच बंद झाला होता. तिची थोरली बहीण ताराआत्या निवृत्त नर्स, चिखलदऱ्याला एकटी राहायची. तिला अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि त्यातून सावरल्यावर तिने मला फोन केला. "कुसुमले एकदा घेऊन ये गा. मले आता उतरवत नाही अन् तिले चढवत नाही." मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "आणतोच!"

पण गाडीने वाटेतच रंग दाखवले. मागचं बूड खाली बसलेलं, नाक वर. शेजारून ट्रक गेला की डबा डुलायचा आणि मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरायचो. कारंज्याच्या पुढे एका चढावर तर इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकला. साध्या चढाला ही गत, तर चिखलदऱ्याच्या घाटात काय होणार?

हुडकेश्वरला पोचलो तेव्हा आत्या फाटकाशीच उभी होती. "आला का बाप्पा! किती वाळला गा!" म्हणत तिने डब्याला प्रदक्षिणाच घातली. आत जाऊन पलंगावर पडून पाहिलं आणि पोरीसारखी हसली. तिची पिशवी भरलेली होती. अंगणातल्या झाडाची संत्री त्याच सकाळी उतरवून तिने टोपलीत रचली होती. "ताराले आपल्या घरची पाह्यजेत. उद्या निघू ना?"

"उद्या गाडी जरा दाखवून घेतो, मग निघू," मी म्हणालो.

गॅरेजवाले बबनभाऊ पन्नाशीचे. त्यांनी डब्यात डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाले, "भाऊ, पाण्याची टाकी भरलेली, सिलिंडर मागे, सामान मागे. मागून वजन पडलं तर डबा डुलणारच. टाकी रिकामी करा, सामान पुढे घ्या, टायरात हवा भरा अन् हळू जा. डब्याचे ब्रेक चांगले आहेत. गाडीचे मागचे स्प्रिंग नरम पडले, ते उद्या बदलून देतो. बस."

"आणि इंजिन तापतं त्याचं काय?"

"तापलं तर थांबा. सावलीत चहा प्या. घाट कुठं पळून जाते?"

मला ते पटलं नाही. रात्र-रात्र व्हिडिओ पाहून मी शहाणा झालो होतो ना! स्प्रिंग दुसऱ्या दिवशी बसले, गाडी सरळ उभी राहिली. तेव्हाच निघायला हवं होतं. पण मला गिअरच्या तेलाला थंड ठेवणारा वेगळा कूलर हवा होता आणि तो दिल्लीहून येणार होता. दोन दिवस. बबनभाऊंनी मान हलवली. "काहून इतके घाबरून राहिले भाऊ?" मग म्हणाले, "तुमची मर्जी."

ते दोन दिवस मी मजेत काढले, हे लिहितानाही लाज वाटते. सकाळी तर्री पोहे (वर लाल तिखट रस्सा ओतलेले), दुपारी इतवारीच्या बाजारात हातगाड्यांमधून अंग चोरत फिरणं. हुकासाठी जाड खीळ तिथल्याच एका दुकानात मिळाली तर मी किल्ला जिंकल्यासारखा घरी आलो. आत्या टोपलीपुढे बसून नरम पडलेली संत्री वेगळी काढत होती. "शेजारी देऊन टाकते. बाकी टिकतीन," ती म्हणाली.

रोज संध्याकाळी चिखलदऱ्याहून फोन यायचा. आत्या सांगायची, "उद्या वं तारा, उद्या."

कूलर बसल्यावर तरी निघावं! पण नाही. एक दिवस मी डब्यात वाळूची पोती भरून उमरेड रोडवर तो ओढून पाहण्यात घालवला. काटा जागचा हलला नाही. मी खूश. त्या संध्याकाळी चिखलदऱ्याहून फोन आला नाही, पण सकाळी निघायचंच होतं म्हणून मी लक्ष दिलं नाही.

सहाव्या दिवशी पहाटे निघालो. आत्या माझ्या शेजारी पुढे, दर तासाला मागे जाऊन पडायची. परतवाड्यापुढे घाट लागला. सागाची झाडं, आंधळी वळणं, खाली निळसर दरी. गाडी अशी चढली की मला गावंसं वाटलं. "बघ आत्या, काटा बघ!" मी दोनदा म्हणालो. ती टोपली मांडीवर धरून पुढे बघत होती.

ताराआत्याच्या दारात खुर्ची होती, रिकामी. तिची देखभाल करणाऱ्या सुमनबाई बाहेर आल्या. "काल दुपारी पुन्हा झटका आला. डॉक्टर म्हणतात, हलवू नका. चार दिवस इथंच बसून होत्या, रस्त्याकडं पाहत. आज कोणाले ओळखून नाही राहिल्या."

कुसुमआत्या आत गेली. "तारा, मी आली वं." ताराआत्याने तिच्याकडे पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली. आत्याने संत्रं सोललं, फोड पिळून थेंबथेंब रस तिच्या ओठांना लावला. ताराआत्याने ओठ चाटले. मग स्पष्ट विचारलं, "कोण आहे हो बाई?"

मी बाहेर आलो आणि गाडीला टेकून रडलो.

तीन दिवस राहिलो. ओळख परतली नाही. उतरताना मी न राहवून विचारलं, "आत्या, तू मला एकदाही घाई का केली नाहीस? कान धरायचास!"

"माहेरचं माणूस किती वर्षांनी दारात आलं. त्याले चाल म्हणून कसं म्हणू गा?" ती म्हणाली. "अन् तू माझ्यासाठीच करून राहिला होता ना."

तिचं गप्प राहणं मी संमती समजलो होतो. बबनभाऊंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, थांबत थांबत जा. मला वाटेत थांबायची भीती वाटली आणि मी घरीच थांबलो.

हुडकेश्वरला अंगणात मी डबा सोडवत होतो. आत्या पायरीवर बसली होती, रिकामी टोपली शेजारी. माझं तोंड पाहून तिला माझीच दया आली असावी.

"गाडी मात्र बेस चढली गा," ती म्हणाली. "घाट समजलाच नाही मले."

पाच दिवस मला कुणाच्या तरी तोंडून हेच ऐकायचं होतं.