एक जूनचा स्टेटस

नांदेडच्या कॉलेजात पत्रकारिता शिकायला लागल्यापासून महामायाला कशाचाही राग यायला लागला होता. मालिकांचा, रीलमध्ये गॉगल लावून गाडीतून उतरणाऱ्या भावी नगरसेवकांचा, चौकातल्या बॅनरांचा. पण व्हॉट्सॅपच्या स्टेटसवर तिची खास खुन्नस. सरांनी रोजच्या माध्यमांवर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा हिनं स्टेटसच धरला आणि धोपटला.

त्यातही धोपटायला दिवस सापडला एक जूनचा. आपल्याकडं जुन्या माणसांना जन्मतारीख कुठली माहीत! शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना एक जून ठोकून दिली. झालं, त्या दिवशी अर्ध्या जिल्ह्याचा वाढदिवस. फोन उघडावा तर ज्याच्या त्याच्या स्टेटसला मिशीवाले काका, भोवती फुगे आणि हलणारा केक. महामायानं लिहिलं, 'खोटी तारीख, खोटा केक, खोट्या शुभेच्छा.' सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. मग काय, पोरगी हवेत! आपण यापुढं कुणाचाच स्टेटस ठेवणार नाही, असं तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

आता हिचा सख्खा मामा, मारोती, त्याचाही वाढदिवस एक जूनलाच. हिमायतनगरला एका कचेरीत शिपाई. दहावीपर्यंत ती त्याच्याच घरी वाढली. पाऊस असो, चिखल असो, मामा तिला सायकलवर डबलसीट शाळेत सोडायचा. एक जून उजाडला, तशी तिनं सकाळीच फोन लावला, मनापासून बोलली, मामाला शंभर वर्षं आयुष्य दिलं. मामा "हाव, हाव" म्हणाला. स्टेटस मात्र तिनं ठेवला नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

दुसऱ्या दिवसापासून मामा फोन उचलेना. आईला विचारलं तर ती म्हणाली, "रुसलाय त्यो. तूच बघ." महामाया आधी हसली. मग दोन घास कमी जेवायला लागली. शेवटी रविवारी हिमायतनगरची एसटी धरली.

मामा ओट्यावर बसला होता.

"जय भीम, मामा."

"जय भीम. या, बसा. कधी आलात?"

जल्मात कधी मामानं महामायाला अहोजाहो केलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मामा, असं काय करून राहिलात? मी फोन केला होता की!"

"फोन कुणाला दिसतो?" मामा उसळला. "कचेरीत समदे एकमेकाचे स्टेटस दाखवून राहिले. संगप्पाच्या भाचीनं तर त्याचे चार फोटो टाकले, वर गाणं! मला म्हणाला, मारोतराव, तुमची भाची तर पेपरातलं शिकते, तिनं काय टाकलं? मी म्हणलो, नेट न्हाई तिच्याकडं. खोटं बोललो तुझ्यापायी."

रागाच्या भरात मामा अहोजाहो विसरला. तेवढ्यानंही महामायाला बरं वाटलं. पण शिकलेली पोरगी, गप्प बसेल तर शपथ. "पण मामा, ती तारीखच गुरुजींनी..."

"मला कळत न्हाई व्हय? माय सांगायची, ज्वारी काढून राहिले होते तवा झालास. जूनमधी कुठं ज्वारी काढतेत? लबाड हाय तारीख. पर त्या दिवशी चार लोक माझं नाव घेतेत. वर्षभर नुसतं 'शिपाई, पाणी आण.'"

यावर निबंधात काही नव्हतं. महामायानं मुकाट्यानं फोन काढला. "उशिरानं टाकते, मामा. मोठा फोटो, केक, गाणं, जे म्हणाल ते."

सरजामामी दारात तांदूळ निवडत बसली होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला लबाड तरी हाय."

"म्हंजे?" मामानं विचारलं.

"मी कुठं शाळेत गेले? गुरुजीनं मला काय लिहावं? आधार कार्डावर नुसतं साल हाय."

या बाईच्या हातच्या भाकरी खाऊन महामाया दहावी झाली होती, आणि मामी कधी जन्मली हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मामानं घसा खाकरला. "माये, माझा ऱ्हाऊ दे. हिचा टाक."

"इश्श! आज काय हाय माझं?" मामी म्हणाली. पण सूप बाजूला ठेवून आत गेली, चहा ठेवून, तोंड धुऊन, ठेवणीतलं निळं लुगडं नेसून आली आणि भिंतीपाशी ताठ उभी राहिली. महामायानं फोटो काढला. फुगे टाकले, हलणारा केकसुद्धा टाकला, दोन थरांचा. 'माझ्या सरजामामीला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.'

मामानं आपल्या फोनवर तो स्टेटस उघडून मामीच्या हातात दिला. थोड्या वेळानं तो आपोआप मिटला, तशी मामी घाबरली. "गेला का गं?"

"न्हाई मामी, बोट लावा, येतो परत."

मामीनं बोट लावलं. मग चहा उकळून उतू चालला तरी ती तिथंच बसून होती. स्टेटस मिटला की बोट लावायची.