अस्वलाचं धड

सन दोन हजार तेवीस, ज्येष्ठ महिना, पेरणी तोंडावर. साल-महिना नीट लक्षात आहे, कारण तोवर माझी पारख कधी चुकली नव्हती. आणि चुकली ती भर बाजारात!

आमच्या गावात, देऊळघाटात, बियाण्याची पिशवी आणली की लोक आधी मला दाखवतात. शाळा मी फार शिकलो नाही. अक्षर वाचत नाही, छाप वाचतो. छाप जरा हलला की बोगस! आजवर कोणी उलट बोललं नाही.

जावई अमेरिकेत असतात. दिवाळीला आले तेव्हा त्यांनी तिकडच्या बेसबॉल संघाची टोपी दिली. कपाळावर अस्वल, चार पायांवर चालणारं. उन्हाळाभर ती माझ्या डोक्यावरून उतरली नाही.

त्या दिवशी बुलढाण्याच्या बाजारात रहीमच्या दुकानावर तशाच टोप्या दिसल्या. पण अस्वलाचं नुसतं मुंडकं! तेही हसणारं!

"काय विकून राह्यला बे रहीम?"

"बेसबॉलची टोपी, काका. अमेरिकेची."

"मंग अस्वलाचं धड कुठं गेलं? बोगस माल!"

झालं! हातात टोप्या घेतलेली माणसं टोप्या ठेवून चालती झाली. काकांनी बोगस म्हटलं, मग विचारायचं काय?

रहीमचा चेहरा उतरला. "काका, उन्हाच्या टोप्या आता नाही खपल्या तं कवा खपतीन? बाजार उठवला तुम्ही माझा."

"मी खोटा निघालो तं पुढच्या बाजारी तुझ्या दुकानावर उभा राहून ओरडीन!"

शब्द दिला. मी तो उगाच देत नाही.

संध्याकाळी जावयांचा फोन आला. म्हटलं, विचारूनच टाकू.

"मामा, त्या संघाचा छाप कितीदा बदलला," ते म्हणाले. "आधी नुसतं अक्षर होतं. मग चालणारं अस्वल. मग उभं. आता मुंडकं."

"छाप बदलला आन् माल तोच?"

"संघ तोच."

"म्हणजे रहीमचा छाप नवा, माझा जुना. पण माझी टोपी खास अमेरिकेची!"

जावयांनी फोन लेकीला दिला.

"बाबा, रागावू नका. तुमची टोपी तिकडंच राहून गेली होती. मंग ही बुलढाण्यात घेतली."

"कोणाजवळून?"

"रहीमभाईजवळून. जुना माल होता."

पुढच्या बाजारी सकाळीच रहीमच्या दुकानावर उभा राहिलो. डोक्यावर तीच टोपी. ओरडायला लागलो, "रहीमचा माल खरा, मीच खोटा!" गावची मंडळी जमली. एक जण म्हणाला, "काऊन काका, अस्वलाचं धड सापडलं का?"

"सापडलं! माझ्याच डोक्यावर होतं!"

दिवस मावळायच्या आत टोप्या संपल्या. शब्द फिटला.