कान लावून बसणारा

गेमिंग कॉम्प्युटरची यादी कितीही झगमगती असो, वाशिमचा कॉम्प्युटर जोडून देणारा एक दुकानदार आधी विचारतो, "गावात लाईट कशी राह्यते?" मी इंझोरी गावचा, आमच्याकडे लाईट सारखी येते-जाते. त्याने माझ्या यादीतले रंगीत दिव्यांचे पंखे खोडले आणि त्या पैशात दणकट पॉवर सप्लाय बसवला. ग्राफिक्स कार्ड मात्र मला जुनंच परवडत होतं आणि त्याचीच धास्ती होती.

आवाज बंद ठेवून त्याने गेम सुरू केला. पडद्यावर लढाई पेटली. हा पडद्याकडे पाठ करून, डोळे मिटून, कॅबिनेटला कान लावून बसला.

"बंद करा," तो मला म्हणाला.

चिमट्याने त्याने कार्डाच्या पंख्यातून केसाएवढा धागा ओढून काढला. "आता न्या बिनघोर."

मी विचारलं, "तुम्ही कोणता गेम खेळता?"

"मले कुठं येते खेळता!"