दुसऱ्या ग्रहावरची सून

मला इंग्रजी येत नव्हतं, हे आधी कबूल करते. नववीत इंग्रजीत पहिली आले होते, म्हणजे निबंध पाठ होते. पण आमच्या आळीत तेवढ्यावर मी पंडिता ठरले, आणि शेजारच्या काकूंकडे दर रविवारी सकाळी टीव्हीशेजारचं स्टूल माझ्यासाठी राखून ठेवलं जाऊ लागलं. रत्नागिरीत टीव्ही नुकता दिसायला लागला होता. काकूंचा त्यांच्या मुंबईच्या मुलाने पाठवला होता.

मालिका अंतराळात भटकणाऱ्या यानाची. त्यात एक म्हातारा कप्तान आणि त्याचा तरुण सोबती. कप्तानावर काकूंचा फार विश्वास. "शहाणा माणूस हो. आमच्याकडच्यासारखी आदळआपट नाही," म्हणायच्या. यानातल्या माणसांचं बोलणं मी मराठीत सांगायचे. कळायचं चार आणे, बाकी बारा आणे पदरचे. त्यामुळे गोष्टीतली निम्मी भोकं माझीच होती. मी बेचिराख केलेला ग्रह पुढच्या रविवारी शाबूत दिसायचा.

एकदा खोली माणसांनी भरलेली असताना काकू म्हणाल्या, "अगो, ह्याला तू गेल्या रविवारी मारलंस ना? मग हा जेवतोय कसा?"

"तो त्याचा जुळा भाऊ," मी म्हटलं.

लोक पोट धरधरून हसले. 'थापाडी' हे नाव मला त्या दिवशी चिकटलं. माझ्या नाकावर कायम राग, त्यात हा अपमान. मी तो मनात धरून ठेवला.

त्याच सुमारास काकूंच्या मुलाने मुंबईत परजातीतल्या मुलीशी लग्न केलं. त्याचं नाव या घरात काढायचं नाही, असं काकांनी जाहीर केलं. आणि योगायोग असा, की मालिकेतला सोबतीही दुसऱ्या ग्रहावरच्या मुलीच्या प्रेमात पडून तिथेच राहायचं म्हणू लागला. त्या रविवारी काकू अगदी पुढे येऊन बसल्या. "बघू आता म्हातारा काय करतो," म्हणाल्या. त्यांच्या मनात कोण आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं.

यानाच्या दारात कप्तानाने सोबत्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सावकाश, सोप्या शब्दांत काहीतरी सांगितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला पुरतं वाक्य कळलं. तिला घेऊन केव्हाही ये, असं तो म्हणाला होता.

"काय सांगितलान गो त्याने?" काकूंनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांचं हसणं अजून माझ्या कानात होतं.

"म्हणाला, गेलास तर परत तोंड दाखवू नकोस."

मला वाटलं, काकू पकडणार. असं बोलणारा माणूस खांद्यावर हात कसा ठेवेल, असं विचारणार. पण त्या दिवशी त्यांनी चूक काढली नाही. "बरोबर आहे. गेला तो गेला," म्हणाल्या आणि पदराने चष्मा पुसत आत गेल्या.

काकू काकांना न विचारता मुलाला आणि सुनेला गणपतीला बोलावणार होत्या, हे मला आठवड्याने आईकडून कळलं. लिहिलेलं पत्र त्यांनी आईला वाचूनही दाखवलं होतं. ते त्यांनी टाकलंच नाही. मी जाऊन खरं सांगायला हवं होतं. मधे एक अंगण तेवढं होतं. रोज ठरवायचे, आणि पुन्हा थापाडी म्हणतील म्हणून रोज मागे फिरायचे. ते गणपती गेले, त्यानंतरचेही कितीतरी गेले. मग माझं लग्न झालं. खरं सांगायचं राहूनच गेलं, याची मला लाज वाटते.

मुलगा आला तो काकू गेल्यावर, त्यांच्या बाराव्याला. बरोबर बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. मी माहेरी आले होते. चहा घेऊन गेले तेव्हा तो पडवीत एकटाच बसला होता.

"बाबांचं सोड," तो म्हणाला. "पण आईने एक ओळ लिहिली असती ना, तर मी त्याच दिवशीची एस्टी पकडली असती."

मी कप त्याच्यापुढे ठेवला. "घे दादा, गार होईल," एवढंच माझ्या तोंडून निघालं.